सही झाली, पण वाचले का?

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दर पाळीला एक कागद हात बदलतो. रिअ‍ॅक्टरमध्ये काय भरले, तापमान किती, कोणता व्हॉल्व्ह बंद ठेवायचा हे लॉगशीटवर लिहिलेले असते. पुढच्या पाळीचा कामगार ते वाचून सही करतो. बोईसर परिसरातील रासायनिक आणि औषधनिर्मिती कारखान्यांची सुरक्षितता बरीचशी या वाचण्यावर अवलंबून आहे. पण ज्याला डिस्लेक्सिया आहे, त्याच्यासाठी घाईत तो कागद वाचणे सोपे नसते.

डिस्लेक्सियात अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड मेंदूत चटकन बसत नाही. वाचन संथ होते, लिहिताना चुका होतात, 'घ' आणि 'ध' किंवा 'भ' आणि 'म' यांत गल्लत होऊ शकते. याचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नाही. हा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो आणि शाळा संपली म्हणून संपत नाही. २००७ च्या 'तारे जमीन पर'मुळे अशी मुले पालकांना कळली. तीच मुले मोठी होऊन नोकरीला लागतात, हे मात्र ध्यानात राहिले नाही.

अडखळत वाचणारा प्रत्येक जण डिस्लेक्सियाग्रस्त नसतो. कुणाचे शिक्षण अर्धवट राहिलेले असते, तर कुणाची भाषा वारली, हिंदी किंवा उडिया आणि सूचना इंग्रजीत. निदान तज्ज्ञांनी तपासणी करूनच करावे. पण सुधारणांसाठी निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण त्या सर्वांच्याच उपयोगाच्या आहेत.

पाळी बदलताना सूचना तोंडीही द्याव्यात आणि ऐकणाऱ्याने त्या परत सांगाव्यात. सारख्या नावांच्या रसायनांचे ड्रम वेगळे ठेवून त्यांवर ठळक अक्षरे, रंग आणि चिन्ह असावे. एका ओळीत एकच सूचना लिहावी. प्रशिक्षणानंतरची परीक्षा तोंडी देण्याची मुभा असावी. पालघरच्या कचेऱ्यांतही मजकूर वाचून दाखवणारी आणि बोललेले टंकलिखित करणारी मोबाइलमधील सोय वापरू द्यावी. बैठकीत कुणालाही अचानक मोठ्याने वाचायला सांगू नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात तिचीही गणना होते. कलम २१ नुसार खासगीसह प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. ते धोरण भिंतीवरच्या फ्रेमपुरते राहू नये.

खरा धोका सावकाश वाचण्यात नसून ते लपवण्यात आहे. हसू होईल या भीतीने न वाचताच सही करणारा कामगार स्वतःसह सगळ्या पाळीला संकटात टाकतो. 'साहेब, हे पुन्हा एकदा सांगा' असे त्याला न लाजता म्हणता आले पाहिजे. ती मोकळीक देणे सुपरवायझरच्या हातात आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.