गावाकडची वाट आणि तापाची सोबत

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडई आणि नाटकांचे दिवस सुरू होतात. पुण्या-नागपुरात पोटापाण्यासाठी गेलेली मंडळी गोंदिया जिल्ह्यातील केशोरीसारख्या गावी परततात. निघताना त्यांना एकच इशारा दिला जातो, जंगलातल्या हिवतापाचा. तो रास्तच आहे. मात्र डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका यांच्या बाबतीत धोका पुष्कळदा पाहुण्यासोबत शहरातून गावात येतो.

या रोगांचा एडिस डास सहसा काहीशे मीटरपलीकडे उडत नाही. दूरचा प्रवास घडतो तो माणसाच्या रक्तातील विषाणूचा. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली, पुढे तीन दशके या रोगाचा जवळजवळ विसर पडला. २००५च्या अखेरीस तो आफ्रिकी वंशाच्या विषाणूच्या रूपाने परतला आणि २००६ या एका वर्षात देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१मध्ये आढळला, तोही पुरंदर तालुक्यातील बेलसर या खेड्यात. २०२४ साली पुणे शहरात झिका पसरला, तेव्हा रुग्णांत गर्भवती भगिनींची संख्या मोठी होती.

अंगात ताप असताना गाडी पकडणे म्हणूनच केवळ स्वतःच्या प्रकृतीशी खेळणे नव्हे. तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी इतरांना रोग देऊ लागतो. तोवर पाहुणा शहरात परतलेला असतो. अंथरूण धरतात ती घरची वडीलधारी माणसे, ऐन धानाच्या मळणीत! झिकाच्या तर बहुसंख्य रुग्णांत लक्षणेच दिसत नाहीत. साथीच्या भागातून येणाऱ्याने धडधाकट असतानाही तीन आठवडे डासांपासून जपले पाहिजे. एडिस दिवसा चावतो, त्यामुळे दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी. गर्भवतीने साथीच्या गावी जाणे टाळावे. झिकाच्या भागातून परतलेल्या पतीनेही तीन महिने संयम किंवा निरोध पाळावा. विषय संकोचाचा असला तरी तो घराघरांत बोलला गेला पाहिजे.

ताप आलाच तर डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन वा ब्रुफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालते. केशोरीहून परतल्यावर पुण्यात ताप भरला, तर डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू येईल, हिवताप कदाचित येणारही नाही. गेल्या महिनाभरात कोठे मुक्काम होता, हे त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगावे आणि हिवतापासाठी रक्त त्याच दिवशी तपासून घ्यावे.