सलग ४३ पराभव, तरी सामना चालूच

२६ ऑगस्ट २०२३ ला डब्लिनमध्ये नोटर डेम आणि नेव्ही या अमेरिकन कॉलेज संघांचा त्या हंगामातला पहिला फुटबॉल सामना झाला. (हे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, आपलं नव्हे.) नोटर डेम जिंकेल असं मला वाटत होतं. नेव्हीची मुलं नौदल अकादमीतली, पुढे बहुतेक नौदलात जाणारी. तिथे धिप्पाड खेळाडू मिळणं अवघड, म्हणून ते चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावर भर देतात. २०२२ ला मात्र ३५-३२, म्हणजे थोडक्यात हुकलं हो!

१९६४ ते २००६ नेव्ही दरवर्षी हरली, सलग ४३ वेळा. २००७ ला ४६-४४ ने जिंकली. पण एवढ्या वर्षांत नोटर डेमने ‘यांच्याशी काय खेळायचं’ म्हटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थी घटले, विद्यापीठ अडचणीत आलं, तेव्हा नौदलाने तिथे प्रशिक्षण केंद्र काढलं आणि ते तगलं. ती जाण अजून आहे.

आपल्याकडे तालुकास्तरावर दोनदा हरलं की ‘यंदा संघ पाठवायचा कशाला?’ असं आपणच म्हणतो, पालकही म्हणतात. मला हे पटत नाही. हा सामना मुलांना दाखवणार असाल तर आधी त्या ४३ वर्षांचं सांगा, स्कोअर नंतर.