कांद्याचं बी आणि गुलाबांची मिरवणूक

दोस्तहो,

कांद्याचं बी तुम्ही पाहिलंय का? काळंकुळकुळीत आणि तिळाएवढं असतं. शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांना ते चांगलं ठाऊक असेल. ते वाफ्यात पेरतात, हे मलाही ठाऊक होतं. पण एका डिसेंबरात मी हेच बी मूठमूठ घेऊन एका आगगाडीच्या इंजिनाला चिकटवत बसले होते. खोटं वाटतं ना? ऐका तर मग!

माझी बहीण अमेरिकेत, कॅलिफोर्नियात राहते. तिच्या घराजवळ पॅसाडेना नावाचं शहर आहे. तिथे दर नववर्षाला 'रोझ परेड' म्हणजे गुलाबांची मिरवणूक निघते. पहिली निघाली 1890 साली. देशाचा बराचसा भाग बर्फाखाली गारठलेला असताना आमच्याकडे मात्र गुलाब फुलतात आणि संत्री पिकतात, हे तिथल्या लोकांना मिरवायचं होतं! म्हणून त्यांनी घोडागाड्या फुलांनी सजवल्या आणि गावातून फिरवल्या. आज घोडागाड्यांच्या जागी प्रचंड चित्ररथ असतात आणि ते सुमारे नऊ किलोमीटर चालतात. 1 जानेवारीला रविवार आला, तर मिरवणूक 2 तारखेला निघते. हा रिवाज 1893 पासूनचा. तेव्हा लोक घोड्यावरून चर्चला जायचे आणि घोडे बाहेर बांधायचे. मिरवणुकीच्या गलक्याने ते बुजू नयेत, म्हणून ही काळजी!

या मिरवणुकीचा एक कडक नियम आहे. चित्ररथाचा दिसणारा इंच न् इंच फुलांनी, पानांनी, बियांनी, सालींनी, म्हणजे झाडापासून मिळणाऱ्या वस्तूंनीच झाकायचा. नुसता रंग दिसता कामा नये. आता एवढं काम करणार कोण? तर हजारो स्वयंसेवक! शाळांची मुलं येतात, आजी-आजोबा येतात, चर्चचे गट येतात. माझी भाची पंधरा वर्षांची. तिच्या मैत्रिणीच्या चर्चचा गट दरवर्षी जातो. त्यांनी आम्हांलाही बोलावलं.

"आम्ही ख्रिश्चन नाही, चालेल ना?" मी जरा बिचकतच विचारलं.

गटाच्या प्रमुख आजीबाई हसून म्हणाल्या, "डिंक लावता येतो ना? मग चालेल!"

झालं! जुने कपडे आणि वर जाड स्वेटर घालून आम्ही निघालो. काम एका अवाढव्य शेडमध्ये चालतं. आत शिरताच डिंक, कॉफी आणि ताजी फुलं असा तिहेरी वास नाकात शिरला. चर्चच्या मंडळींनी गोल उभं राहून छोटीशी प्रार्थना केली. आम्हीही आपले हात जोडले.

रथ कसा बनतो सांगू? आधी लोखंडी सांगाडा. त्यावर जाळी. जाळीवर प्लास्टिकसारखा थर फवारतात. मग जिथे ज्या रंगाची वस्तू लावायची, तिथे त्याच रंगाचा हात मारून ठेवतात, म्हणजे चुकायला नको. (ही रंगाची गोष्ट लक्षात ठेवा बरं का, पुढे कामाला येणार आहे!) चालवणारा माणूस आत दडून बसतो. आधी सुक्या वस्तू लावतात. काय काय होतं म्हणून सांगू! तांदूळ, राजमा, खसखस, दालचिनी, लाल मिरचीची पूड, खोबऱ्याचा कीस... जणू अख्खं स्वयंपाकघर रथावर चढलं होतं. ताजी फुलं सुकतात, म्हणून ती अगदी शेवटच्या दिवसांत. आणि गुलाबांचा थाट तर वेगळाच! प्रत्येक फुलाला पाण्याची स्वतंत्र इवलीशी नळी.

आमच्या वाट्याला आलं ते काळं इंजिन. तेही वरचं धुराडं नाही, तर चाकांमागचा खालचा कोपरा! भाचीचं तोंड एवढंसं झालं. तिला गुलाब खोचायचे होते. जमिनीवर पालथं पडून ब्रशने डिंक लावायचा, मग मूठभर कांद्याचं बी दाबायचं. दोन तासांत माना अवघडल्या. मग भाचीने एक युक्ती काढली. थोडा थोडा डिंक लावण्याऐवजी तिने एकदम मोठ्या भागाला फासून टाकला. पण बी दाबेपर्यंत डिंक निम्मा वाळला. बी चिकटलं आणि भुरूभुरू गळूनही पडलं. जागोजागी टकलं दिसायला लागली.

पण खालचा रंगही काळाच होता ना! चार पावलं मागे गेलं, की काही कळायचं नाही.

आजीबाई लांबूनच बघून म्हणाल्या, "वा, फारच छान!"

भाची काही बोलली नाही. आणि खोटं कशाला सांगू, मीसुद्धा बोलले नाही. पाठ मोडून आली होती. आम्ही हात धुतले, स्वेटरवरचं बी झटकलं आणि दारापर्यंत आलो. तिथे भाची थांबली.

"मावशी, त्या 'छान' म्हणाल्या ते नसतं ना म्हटलं, तर मी गेले असते घरी."

असं म्हणून ती मागे फिरली आणि आजीबाईंना टकलं दाखवून आली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. आजीबाईंनी नुसता त्या भागावरून हात फिरवला. बी खाली सांडलं. त्यांनी खरवडायची पट्टी आणली, एक भाचीच्या हातात दिली, एक माझ्या. आणि स्वतः आपले दुखरे गुडघे सांभाळत आमच्या शेजारी जमिनीवर आडव्या झाल्या! वीतभर डिंक, मूठभर बी. वीतभर डिंक, मूठभर बी. घरी पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले.

परीक्षक मिरवणुकीच्या आधीच येऊन रथ पाहून जातात. त्यांनी आमचा कोपरा पाहिला की नाही, देव जाणे.

मिरवणुकीच्या दिवशी पहाटेच जाऊन आम्ही फुटपाथवर जागा धरली. आठ वाजता मिरवणूक सुटली. बँड आले, घोडे आले आणि एकदाचं आमचं इंजिन आलं. उन्हात कसं मखमलीसारखं दिसत होतं! मी माना उंचावून आमचा कोपरा शोधू लागले. कुठला दिसायला? तो होता रथाच्या पलीकडच्या बाजूला!

मी हिरमुसले. भाची मात्र खुदकन हसली. "असू दे गं मावशी. पलीकडे आहे, पण भरलेला आहे ना!"

मिरवणुकीनंतर थोडे दिवस रथ लोकांना जवळून बघायला ठेवतात, मग मोडून टाकतात. आमचं इंजिनही मोडलं असणार. पण माझ्या स्वेटरच्या खिशात कांद्याचं चिमूटभर बी अजून आहे.

तर दोस्तहो, तुमच्याही कामात असा एखादा पलीकडचा कोपरा असेल. वहीचं मागचं पान असेल, किंवा कपाटाखालचा केर! कुणी बघत नसताना तुम्ही तो भरलात की तसाच सोडलात? अगदी खरं खरं लिहून कळवा हं. मी रागावणार नाही. रागावू कशी? मीही दारापर्यंत गेलेच होते की!

तुमची,
मावशी