वासराच्या पोटातले उपकारी जिवाणू

सांगवीच्या भगिनींनो, गल्लीत विरजण कुणाच्या घरचे चांगले, हे तुम्हाला बरोबर ठाऊक असते. वासरासाठी प्रोबायोटिकची पुडी मात्र दुकानदार देईल ती घेतली जाते. तीही पारखूनच घ्यावी.

दह्यातला प्रत्येक जिवाणू वासराच्या कामाचा नसतो. लहान वासराने प्यालेले दूध पहिले कप्पे टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरते. तेथे आम्ल, पुढे पित्त. त्यातून जिवंत उरेल तोच आतड्यात काम करील. म्हणून प्रयोगशाळेत जिवाणू आधी आम्लात व पित्तात घालून पाहतात. जपानच्या शिरोता यांनी १९३० साली माणसांसाठी असाच चिवट जिवाणू निवडला. मग तो हगवणीच्या जंतूंना रोखतो का, हे तपासतात. औषधांना दाद न देण्याचा गुण तो इतर जंतूंना देणार नाही ना, हेही पाहतात. ही कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते.

सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे जिवाणू सारखेच दिसतात, म्हणून हल्ली डीएनए तपासून ओळख पटवतात. नुसते 'ऊस' म्हणून आपण बेणे घेत नाही, को ८६०३२ मागतो. जिवाणूच्या वाणालाही तसाच क्रमांक असतो. पुडीवर नाव, हा क्रमांक, जिवंत जिवाणूंची संख्या व मुदत नसेल तर ती परत करावी.

चीक मात्र जन्मल्यावर दोन तासांच्या आत पाजावा. त्याची जागा पुडी घेत नाही. हगवण लागलीच तर पुडीच्या भरवशावर न राहता क्षार-पाणी सुरू करून जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.