पहाटेची काडी ओढू नका

पानगळ सुरू झाली की आमच्या कोपऱ्यावर पहाटे पाचोळ्याचा ढीग पेटतो. नुसता पाचोळा कुठे असतो म्हणा. दुधाच्या पिशव्या, वायरचे तुकडे, फाटकी चप्पल, सगळं त्यात. धूर वर चढतो आणि आपण समजतो, गेला एकदाचा.

जात नाही. हवेला स्वतःचा एक झाडूवाला आहे, हायड्रॉक्सिल नावाचा. उन्हातले अतिनील किरण ओझोन फोडतात, सुटलेला ऑक्सिजन पाण्याच्या वाफेशी भिडतो आणि हा जन्मतो. आयुष्य जेमतेम सेकंदभर, पण तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा लचका तोडतो. एक घन सेंटिमीटर हवेत रेणू किती? २५ वर १८ शून्यं. त्यांत हे महाशय भर दुपारी फार तर काही दशलक्ष. ऊन आणि दमटपणा जिथे जास्त, तिथे त्यांची संख्याही जास्त, म्हणजे आपल्या आकाशाला निसर्गाने हात सैल सोडून दिलं आहे.

आणि आपण काडी ओढतो ती नेमकी पहाटे! झाडूवाला अजून कामावर आलेलाच नसतो. हिवाळ्यात तर जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार थराचं झाकण पडलेलं असतं. धूर आपल्याच नाकातोंडात फिरतो.

वायरच्या पीव्हीसी आवरणात क्लोरीन आणि आत तांबं. ती धुमसली की डायॉक्सिन नावाची क्लोरीनयुक्त विषं तयार होतात, आणि तांबं त्या प्रक्रियेला जोर देतं. रेणूवर क्लोरीनचे अणू जितके जास्त, तितका तो हायड्रॉक्सिलला दाद देत नाही. पीसीबी ही अशीच क्लोरीनयुक्त रसायनं. थोड्या क्लोरीनचे पीसीबी काही दिवसांत फुटतात, भरपूर क्लोरीनचे महिनोन्‌महिने टिकतात. त्यातून जड डायॉक्सिन काजळीच्या कणांना चिकटून बसतात. तिथे झाडू पोचतच नाही. कण गवतावर उतरतात, गवत गाईच्या पोटात, पुढे दूध. सर्वांत विषारी डायॉक्सिन माणसाच्या शरीरात निम्मं व्हायलाच सात वर्षांहून अधिक लागतात.

लांबच्यांचंही ऐका. कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या उत्तर टोकाला, नुनाविकमध्ये, पीसीबीचा कारखाना नाही. तरी १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या इन्युइट आयांच्या दुधात पीसीबी आढळलं, दक्षिण क्युबेकमधल्या आयांच्या सुमारे पाचपट. वारा आणि समुद्राने ते तिथवर नेलं, सील-व्हेलच्या चरबीतून ते ताटात आलं. त्यानंतर अशा टिकाऊ विषांना आवर घालणारा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार झाला. २००६ मध्ये भारतही त्यात सामील झाला.

उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००, असा हरित लवादाचा आदेश डिसेंबर २०१६ पासून आहे. पण मला दंडाच्या पावतीत फारसा रस नाही. ढीग उचलायला गाडीच येत नसेल तर सफाई कामगाराने करायचं काय? त्याच्यावर ओरडू नका. मुकादमाला गाठा, पाचोळ्यासाठी वेगळी फेरी मागा, सोसायटीत खताचा खड्डा खणा. वायर भंगारात देताना ती जाळणार की सोलणार, हे तोंडावर विचारा. होळीत टायर दिसला तर ओढून बाहेर काढा, पोरं चिडली तरी चालेल.

उद्या साडेपाचला मी कोपऱ्यावर रिकामी पोती घेऊन उभा असेन. पाचोळा बराच आहे, आणखी दोन-चार हात लागतील.