काळ्या काचांआडचे राज्य

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील रस्त्यांवर दोन प्रकारची वाहने एकाच वेळी दिसू लागतात. एक असते ऊसतोड मजुरांना पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात घेऊन जाणारी मालमोटार. तिच्यात माणसे, पोती, भांडी, सरपण, शेळ्या आणि आईच्या मांडीवर पेंगणारी मुले असा सारा संसार उघड्यावर मांडलेला असतो. नवरा कोण, बायको कोण, मुकादमाची उचल घेऊन गाव सोडणारी ही कोणत्या वस्तीची माणसे, हे पाणी प्यायला थांबलेल्या कोणाही वाटसरूला विचारल्यावाचून कळते. तिला मागे टाकून भरधाव निघून जाते ते दुसरे वाहन. ते पांढरे किंवा काळे, उंच आणि रुंद असते आणि त्याच्या चारही बाजूंच्या काचा डांबरासारख्या काळ्या असतात. आत एक मनुष्य आहे की पाच, आमदार आहे की वाळूचा ठेकेदार, की त्या दोघांच्यामध्ये वावरणारा तिसराच कोणी, हे बाहेरच्याला कळत नाही. चौकातला शिपाई मात्र त्या गाडीला हात करीत नाही. आत कोण आहे हे ठाऊक नसल्यामुळेच तो हात करीत नाही, हे येथे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 अन्वये पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. कलकत्त्याच्या एका नागरिकाने केलेल्या जनहित याचिकेवर, अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश कपाडिया यांच्या त्या पीठाने सांगितले की, ही टक्केवारी मूळ काचेची आहे. तीवर बाहेरून फिल्म चिकटवून ती गाठावयाची नाही. म्हणून 4 मे 2012 पासून कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म लावण्यास देशभर मनाई झाली. पोलिसांनी केवळ दंडाची पावती फाडून गाडी सोडून द्यावी असेही न्यायालयाने म्हटले नव्हते, तर फिल्म काढून टाकावी असे म्हटले होते. फिल्म बनवणाऱ्या कंपन्या व विक्रेते त्यावर पुन्हा न्यायालयात गेले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले.

या मनाईला त्या वेळी जे आक्षेप घेतले गेले तेच आजही घेतले जातात, आणि त्यांतील एक खरोखर विचारात घेण्याजोगा आहे. तो उन्हाचा. मराठवाड्याचा वैशाख कसा असतो हे मुंबईत बसून कळावयाचे नाही. लहान मूल किंवा आजारी म्हातारे माणूस घेऊन परळीहून बीडला भर दुपारी निघालेल्या कुटुंबाने काचेला सावली शोधली तर त्याला गुन्हेगार म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु येथे थोडे पदार्थविज्ञान उपयोगी पडते. उन्हातील उष्णतेचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. ते किरण अडवणारी काच काळीच असावी लागते असे नाही. जवळजवळ स्वच्छ दिसणारी काचही ते काम करू शकते, आणि नियमाच्या मर्यादेत कारखान्यातूनच किंचित रंगवून आलेल्या काचेला 2012 च्या निकालाने कधीच मनाई केलेली नव्हती. तेव्हा ऊन अडवायचे असेल तर कायद्याने रस्ता मोकळा आहे. काळी फिल्म जे खात्रीने अडवते ती बाहेरच्या माणसाची नजर आहे.

अलीकडे एक नवे कारण पुढे केले जाते, आणि ते अगदीच निराधार नसल्यामुळे त्याचे उत्तर दिले पाहिजे. केंद्र सरकारने नियम 100 मध्ये दुरुस्ती करून 'सुरक्षा काच' या शब्दांबरोबर 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द घातला. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2021 पासून अमलात आली. आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर असलेली काच त्या व्याख्येत बसते. त्या आधाराने केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये असा निर्णय दिला की, 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळून लावलेल्या फिल्मबद्दल वाहनमालकाला दंड करता येणार नाही. हा निर्णय हातात आल्यापासून 'आता काळी काच कायदेशीर झाली' अशी आवई पसरली आहे. ती साफ खोटी आहे. त्या निर्णयाने मर्यादा शिथिल केली नाही. मर्यादेच्या आत राहण्याची एक रीत मान्य केली. ज्या काचेतून बाजूला बसलेल्या माणसाचा चेहरा हातभर अंतरावरून दिसत नाही तिच्यातून निम्मा प्रकाश आरपार जातो, असे कोणताही वकील सिद्ध करू शकणार नाही. धाक बसवणाऱ्या गाड्यांच्या काचा केरळच्या निर्णयानुसारही बेकायदाच ठरतात.

तरीही त्या फिरतात. का फिरतात याचे उत्तर नीतिशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात लवकर सापडते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली या अपराधाला पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुढे प्रत्येक वेळी 1,500 रुपयांपर्यंत दंड आहे. 2019 च्या दुरुस्तीने हा आकडा वाढवला. महाराष्ट्राने ती वाढ लागू केली डिसेंबर 2021 मध्ये. वीस लाखांच्या गाडीला 500 रुपये म्हणजे किमतीचा चार हजारावा हिस्सा. टाकी एकदा भरण्याच्या खर्चातही तो हिशेबात धरला जात नाही. आता हेच 500 रुपये दुसऱ्या बाजूने मोजून पाहावेत. जानेवारी 2024 च्या वाटाघाटीनंतर ऊसतोडीचा दर टनाला 366 रुपये ठरला. म्हणजे 500 रुपये मिळवण्यासाठी नवरा-बायकोच्या एका कोयत्याला जवळजवळ 1.4 टन ऊस तोडावा, सोलावा, मोळ्या बांधून वाहावा लागतो, आणि त्यातूनही उचल वळती होते ती वेगळीच. मोटारसायकलवर तिघे बसले म्हणून, शिरस्त्राण नाही म्हणून, कागद घरी राहिला म्हणून या माणसाकडून जेव्हा दंड घेतला जातो तेव्हा तो खरोखरच दंड असतो. काळ्या काचेच्या मालकाकडून जे घेतले जाते ते भाडे होय. अमुक रक्कम भरा आणि कायद्याच्या बाहेर वावरा, असा तो एक परवाना आहे.

ही केवळ समाजवाद्यांची तक्रार नव्हे. इस्रायलमधील काही पाळणाघरांत मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना थोडासा दंड बसवला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला, असे दाखवणारा अभ्यास दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केला. दंडाची रक्कम लहान असली की लोक तिला किंमत समजतात, आणि किंमत चुकती केल्यावर मनाला लाजही वाटेनाशी होते. फिनलंडने 1921 पासूनच दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारण्याची पद्धत स्वीकारली आहे. तेथे वेगाने मोटार हाकणाऱ्या धनिकाला त्याच्या धनाच्या मापाने भरपाई करावी लागते. आपल्याकडे समाजवादी समाजरचनेचे ठराव झाले, घटनेच्या उद्देशिकेत 1976 साली तो शब्दही आला; परंतु दंडाच्या कोष्टकात मात्र कोयतेवाला आणि कंत्राटदार समान मानले गेले. समतेचा एवढा उत्साह आपल्या राज्यकर्त्यांनी दुसऱ्या कोठे दाखवल्याचे आठवत नाही.

दंड पुरेसा नसेल तर कायद्यात दुसरे हत्यार नाही काय? आहे. त्याच कायद्याच्या कलम 53 प्रमाणे नियमांची पूर्तता न करणाऱ्या वाहनाची नोंदणी, मालकाला बाजू मांडण्याची संधी देऊन, निलंबित करता येते. निलंबनाला किंमत नसते. ती गाडी दारात उभी राहते आणि साऱ्या गावाला दिसते. बीडच्या एमएच 23 आणि अंबाजोगाईच्या एमएच 44 या दोन्ही मालिकांतील वाहनांना हे कलम सारखेच लागू आहे. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या प्रत्येक जुन्या दुचाकीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवून घेण्यासाठी ज्या राज्याने गरिबाला हेलपाटे घालायला लावले आणि मुदतीवर मुदत दिली, त्याला एवढे कलम वापरण्याचे बळ नाही, असे म्हणणे त्या राज्याचा अपमान ठरेल.

सुरक्षिततेचा मुद्दा उरतो. 2012 च्या निकालाने झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत अपवादाचा विचार करण्याची मुभा ठेवली होती. तीही राज्याचे पोलीस महासंचालक आणि गृहसचिव यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या समितीने विचारपूर्वक द्यावयाची. जिल्हा परिषदेचा माजी सदस्य, बाजार समितीचा संचालक, साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा भाचा आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलक लावणारा त्यांचा स्वयंघोषित युवा नेता, या मंडळींना झेड प्लस सुरक्षा कोणत्या समितीने दिली हे जनतेला कळले तर बरे होईल. लाल दिवा 1 मे 2017 पासून गेला. तो गेल्यावर ज्यांना आपली उंची कमी झाल्यासारखे वाटले त्यांनी ती काळ्या काचेने भरून काढली. लाल दिव्यात निदान आत कोणी पदाधिकारी असल्याचा दावा तरी होता. पद नसलेल्यालाही पदाचा दरारा मिळवून देणे ही काळ्या काचेची करामत आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न चैनीचा किंवा फॅशनचा राहिलेला नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे दिवसाढवळ्या, वाहत्या रस्त्यावरून, टोल नाक्याजवळून काळ्या स्कॉर्पिओत घालून अपहरण झाले आणि त्यांची हत्या करण्यात आली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी या गुन्ह्याच्या मुळाशी आहे, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले. 4 मार्च 2025 रोजी राज्याच्या एका मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे आणि त्या एका गाडीच्या काचांवर येथे काही सिद्ध करावयाचे नाही. प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. ज्या रस्त्यावर पाटी नसलेली हायवा, चिखलाने आकडे झाकलेला राखेचा टिपर आणि आतले काहीच न दिसणारी मोटार ही तिन्ही रोजची वाहने झालेली असतात, तेथे एका मनुष्याला जबरीने गाडीत घातले जात असताना पाहणाऱ्याला काही वेगळे घडते आहे असे वाटणार कसे, आणि वाटले तरी तो कोणाकडे धाव घेणार? झाकलेला क्रमांक, झाकलेला चेहरा आणि झाकलेला व्यवहार ही एकाच धंद्याची तीन अंगे आहेत. गोदावरीची वाळू, परळीच्या औष्णिक केंद्राची राख आणि डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या यांतून जो पैसा निघतो त्याला उजेड मानवत नाही.

हत्येनंतर जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी झाली, अनेक परवाने रद्द झाले. पोलिसांच्या छातीवरील पाट्यांतून आडनावे वगळण्याचा निर्णय पोलीस अधीक्षकांनी घेतला. हे स्वागतार्ह आहे. परंतु आडनाव वगळलेला शिपाई काळ्या काचेपुढे तसाच हतबल उभा राहणार असेल तर त्याच्या छातीवर काय लिहिले आहे याला फारसा अर्थ उरत नाही. त्याला बदलीचे भय वाटते, आणि ते भय खोटे नाही. म्हणून ही कारवाई एकट्या शिपायाच्या धैर्यावर सोडता कामा नये. ती वरून, लेखी आदेशाने, ठरलेल्या दिवशी, तालुक्याच्या ठिकाणी आणि पुढाऱ्यांच्या सभास्थानी झाली पाहिजे. लग्नसराईत आणि निवडणुकीच्या अर्ज भरण्याच्या दिवशी ती झाली तर एका दिवसात वर्षाचे काम होईल.

याच जिल्ह्याने 1967 साली क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि 1977 साली गंगाधर आप्पा बुरांडे यांना लोकसभेवर पाठवले होते. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या चळवळीतून आलेल्या माणसांना निवडून देणारा हा मुलूख आहे. तो काही दशकांत असा पालटला याचा सारा दोष प्रस्थापित पक्षांवर टाकून डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांना मोकळे होता येणार नाही. चळवळीतील काही तरुणांच्या गाड्यांनाही आता काळी फिल्म लागली आहे. 'लोकांत वजन पडते' असे तिचे समर्थन केले जाते. हे वजन कोणाकडून उसने घेतलेले आहे याचा त्यांनी विचार करावा. मोर्चात ज्याचा हात धरून चालायचे त्याच मजुराला परतीच्या वाटेवर काचेआडून ओलांडून जायचे, हे त्याच्या ध्यानात येत नाही असे समजण्याचे कारण नाही.

तेव्हा पहिली कारवाई स्वतःच्या गाडीवर व्हावी. ब्लेड आणि साबणाचे पाणी एवढेच सामान तिला लागते. त्यानंतर प्रत्येक तालुका शाखेने माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. गेल्या तीन वर्षांत काळ्या काचांबद्दल किती चलने झाली, त्यांपैकी किती वसूल झाली आणि किती थकली, किती गाड्यांची फिल्म जागेवर काढली, एकाच गाडीवर दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा कारवाई झाल्याची किती प्रकरणे आहेत आणि कलम 53 खाली एकातरी वाहनाची नोंदणी निलंबित झाली काय, हे त्यात विचारावे. अपवादाची परवानगी असलेल्या वाहनांची संख्या गृहखात्याकडे मागावी. उत्तरे आली की ती गावच्या चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि तीस दिवसांत आली नाहीत तर अपिलाचा अर्ज त्याच चावडीवर बसून लिहावा.