कांचेंतील समुद्र व आजारी पोवळीं

मागील अंकांत आम्हीं तुळशीवरील किडीविषयीं चार शब्द लिहिले, त्यावर परदेशीं राहणाऱ्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात कीं, तुळस आमच्याकडील थंडींत जगत नाहीं. परंतु यजमानांनीं दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची मोठी कांचपेटी मांडून तींत जिवंत पोवळीं लाविलीं आहेत, तीं अलीकडे मिटून बसतात व कांहींचा रंग उडाला आहे. यावर उपाय ठाऊक असल्यास सांगावा. पत्र वाचून दाखवितांच आमच्या सौभाग्यवतींस हसूं आवरेना. गेल्या हिंवाळ्यांत न्यू जर्सीस धाकट्या चिरंजीवांकडे असतां याच विषयांत आम्हीं जो पराक्रम केला, तो त्यांच्या डोळ्यांदेखत घडला होता. तेव्हां हें उत्तर पंडिताचें नसून अपराध्याचें आहे असें समजूनच तें वाचावें.

प्रथम रोगी कोण तें पाहूं. आपल्या घरांत पोवळें ठाऊक असतें तें मंगळाचें रत्न म्हणून, नाहीं तर वैद्यबुवांच्या कुपींतील प्रवाळभस्म म्हणून. तें तांबडें पोवळें मुख्यत्वें भूमध्य समुद्रांतलें. पेटींत वाढवितात त्या जाति निराळ्या, उष्ण व उथळ समुद्रांतल्या. संस्कृतांत यास विद्रुम म्हणजे एक प्रकारचा वृक्षच म्हटलें आहे, आणि यूरोपांतील विद्वानांचीही समजूत बराच काळ तीच होती. पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १७२० नंतरच्या दशकांत, हीं फुलें नसून प्राणी आहेत, असें प्रतिपादिलें. पॅरिसच्या विद्वत्सभेला तें बरींच वर्षें पटलें नाहीं. या प्राण्याच्या त्वचेंत अतिसूक्ष्म शैवाल वस्ती करून असतें. तें प्रकाशावर अन्न तयार करितें व त्यांतला मोठा वांटा पोवळ्यास देतें. येथें भाडेकरूच घरमालकाला पोसतो! पोवळ्याचा तपकिरी-हिरवा रंग बहुतेक या भाडेकरूंचाच असतो. पाणी फार तापलें, प्रकाश एकाएकीं वाढला किंवा दुसरें कांहीं संकट आलें म्हणजे पोवळें त्यांस बाहेर घालवितें, आणि पारदर्शक त्वचेंतून आंतला पांढरा चुनखडीचा सांगाडा दिसूं लागतो. ‘रंग उडाला’ म्हणतात तें हेंच.

आतां आमची कथा. चिरंजीव व सूनबाई कामानिमित्त दहा दिवस बाहेरगांवीं गेलीं, आणि नात व पेटी हीं दोन्हीं आमच्या स्वाधीन झालीं. उडून गेलेलें पाणी आपोआप भरणारें यंत्र नेमकें त्याच वेळीं बिघडलें होतें. तळघरांत दोन पिंपें होतीं. एकांत गाळून निःक्षार केलेलें पाणी, दुसऱ्यांत औषधासारखें मोजून मीठ घातलेलें. “नाना, कांचेवर खूण केली आहे, रोज तिथपर्यंत पाणी भरा, एवढंच काम,” असें सांगून चिरंजीव गेले. कोणत्या पिंपांतलें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हींही विचारलें नाहीं. समुद्रांतल्या जीवांस समुद्राचेंच पाणी घालावें, या सरळ बुद्धीनें आम्ही खारें पाणी ओतीत राहिलों.

चौथ्या दिवशीं हातोडीच्या आकाराचीं बोटें असलेलें मोठें पोवळें, ज्यास तिकडे हॅमर कोरल म्हणतात, तें अर्धेंच उमललें. आम्हांस वाटलें, उपाशी असेल. खाद्य दुप्पट केलें. सहाव्या दिवशीं सगळींच पोवळीं आंखडलीं. तेव्हां प्रकाश कमी पडत असेल म्हणून दिव्यांची मात्रा वाढविली. वैद्यानें निदान न करितां औषधें बदलीत जावें, त्यांतलाच हा प्रकार. दहाव्या दिवशीं सकाळीं पाहतों तों एका फांदीदार पोवळ्याची कातडी बुडापासून सुटून पाण्यांत तरंगत होती.

नात शेजारीं उभी होती. पेटीच्या कडेवर व पंपाच्या नळीवर सांचलेला पांढरा थर नखानें खरवडीत तिनें विचारलें, “आजोबा, पाणी उडून जातं, तेव्हां मीठ पण उडतं का हो?” आम्ही गप्पच झालों. मिठागरांत ऊन पाणी नेतें व मीठ मागें ठेवतें, हा धडा आम्हीं कोंकणांतल्या पोरांस वर्षानुवर्षें फळ्यावर चित्र काढून शिकविलेला! आमचें पदार्थविज्ञान मॅट्रिकच्या पुढें गेलेलें नाहीं हें खरें, परंतु एवढें तर मॅट्रिकच्या अलीकडचेंच आहे. लागलीच वहीवर हिशेब मांडला. पेटींत पाणी ३०० लिटर, एका लिटरांत मीठ सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे मूळचें मीठ साडेदहा किलो. तापविलेल्या कोरड्या हवेमुळें रोज उडणारें पाणी ४ लिटर. म्हणजे आम्हीं भर घातलेलें मीठ रोज १४० ग्रॅम, दहा दिवसांचें १४०० ग्रॅम. मापकानें पाहिलें तों खारेपणा हजार भागांत ३५ च्या जागीं ४० भरला. चिरंजीवांस दूरध्वनि केला. ते क्षणभर कांहीं बोललेच नाहींत, मग म्हणाले, “चूक माझी, नाना. मी पिंपावर नांव लिहायला हवं होतं.” हें ऐकून आम्हांस अधिकच लाजल्यासारखें झालें.

यावरून आमच्या वाचकभगिनींनीं पहिला प्रश्न हा विचारावा : आजारी एक आहे कीं सगळीं? सगळीं एकदम मिटलीं असतील तर दोष बहुधा पाण्याचा. खारेपणा हजारांत ३५ च्या आसपास आहे ना, हें आधीं पाहावें, आणि त्याहीपूर्वीं मापक खरें बोलतें कीं नाहीं तें पाहावें; रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर जुळविण्यापेक्षां ३५ च्या प्रमाणद्रवावर जुळविलेला बरा. उष्णमान २५ ते २६ अंश असावें. मग अल्कलिनिटी, जी तिकडील लोक ‘डी-के-एच’ या मापानें मोजतात; ती ८ ते ९ असली म्हणजे चांगली. कॅल्शियम लिटरांत ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या सुमारास. अमोनिया मुळींच नको. नायट्रेट व फॉस्फेट थोडेंसें पाहिजेच. पाणी अगदीं निःसत्त्व झालें तरीही पोवळीं फिकीं पडतात. आंकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, परंतु तो आज ७ व उद्यां १० असा नाचतां कामा नये. अल्कलिनिटीच्या अशा उड्यांनींच फांदीदार पोवळ्यांची कातडी बुडाकडून सुटूं लागते. नळाचें पाणी थेट कधींही घालूं नये. त्यांतील क्लोरीन व तांब्याचा अंश बाधतो.

चुन्याविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. पोवळीं सांगाडा बांधण्यास कॅल्शियम खातात, तें भरून काढण्याचा एक जुना जर्मन उपाय म्हणजे चुन्याची निवळी! शुद्ध चुना निःक्षार पाण्यांत विरवून, वरची निवळ उडालेल्या पाण्याच्या जागीं थेंबाथेंबानें सोडतात. ती अत्यंत दाहक असल्यामुळें एकदम ओतल्यास अनर्थ होतो, म्हणून बहुधा रात्रींच ठिबकूं देतात. रात्रीं पाण्याचा पी-एच उतरलेला असतो, तोही त्यानें सांवरतो. हा पी-एच घरांतील माणसांवरही अवलंबून असतो. हिंवाळ्यांत दारेंखिडक्या बंद असल्या व घरांत माणसें भरलीं कीं उच्छ्वासांतला कर्बवायु पाण्यांत उतरतो व पी-एच खालीं येतो. त्यांनीं खिडकी थोडी किलकिली ठेवून पाहावी.

एकच पोवळें आजारी असेल, तर पाण्यास दोष न देतां शेजाऱ्यांकडे पाहावें. पोवळीं दिवसा साधुपुरुषासारखीं दिसलीं तरी रात्रीं कांहीं जाति लांब तंतु सोडून शेजाऱ्यास भाजून काढतात. दिवे मालवल्यावर तास दोन तासांनीं तांबड्या प्रकाशाच्या टॉर्चनें पाहिलें तर भांडण प्रत्यक्ष दिसतें. हातभर अंतर ठेवणें हाच त्यावर उपाय. एखादा मासा टोंचतो आहे काय, प्रवाहाचा झोत थेट अंगावर येतो काय, नवा दिवा लाविला आहे काय, हेंही पाहावें. कातडीवर चपटे किडे व त्यांचीं अंडीं असतात तीं भिंगानेंच दिसतात. हॅमर कोरलवर तपकिरी, दुर्गंधियुक्त जेलीसारखा लपका दिसला तर मात्र थांबूं नये. तो भाग ताबडतोब निराळा करावा, नाहीं तर शेजारच्या डोक्यांस लागतो. उलट लेदर कोरल म्हणून जें मऊ पोवळें असतें, तें अधूनमधून आठवडाभर मिटतें, अंगावर मेणचट पापुद्रा धरतें व तो टाकून पुन्हां उमलतें. तें आजारी नसतें, कात टाकीत असतें. त्याच्यावर औषधोपचार करणाऱ्यांचीच संख्या मोठी आहे.

पांढरेपणाचेही दोन प्रकार आहेत. पांढऱ्यावर त्वचेचा ओलसर थर असून बोटें हलत असतील तर जीव आहे. प्रकाश थोडा उतरवावा, बारीक खाद्य बेताचें द्यावें व पाणी स्थिर ठेवून वाट पाहावी. भाडेकरू परत येण्यास आठवडे, कधीं महिनेही लागतात. सांगाडा उघडा, खरखरीत दिसत असेल तर तेवढा भाग गेला. कड वाढत चालली असल्यास निरोगी फांद्या कापून निराळ्या लाविल्यानें वंश राहतो.

आम्हीं केलेली चूक निस्तरण्यास पांच दिवस लागले. एकदम गोडें पाणी ओतून खारेपणा उतरविला असता तर उरलेलींही गेलीं असतीं. रोज साडेसात लिटर खारें पाणी काढून तितकेंच निःक्षार पाणी घालावें, म्हणजे दिवसास एक अंश उतरतो. उडालेल्या पाण्याची भर वेगळी, तीही निःक्षार पाण्याचीच. दिव्यांची मात्रा पूर्ववत् केली, खाद्य निम्म्यावर आणलें. नातीनें दोन्ही पिंपांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लाविल्या.

इकडील वाचकांपैकीं कोणास ही हौस वाटूं लागली असल्यास सांगितलें पाहिजे कीं, आपल्याकडे सांगाडा बांधणारीं सर्व पोवळीं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहेत. वाघाइतकेंच संरक्षण त्यांस आहे. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतीं जिवंत पोवळीं आहेत, तीं पाण्यांत जाऊन पाहावींत, परंतु तुकडासुद्धां उचलूं नये.

हॅमर कोरल तिसऱ्या आठवड्यांत पूर्ण उमललें. फांदीदार पोवळ्याच्या तीन फांद्या चिरंजीवांनीं कापून खडकावर चिकटविल्या. त्यांतली एक धरली आहे असें परवांच्या पत्रांत सूनबाईंनीं कळविलें आहे.